उपेक्षेचा रोध पार करणारा शिक्षक : जॉर्ज सायमन ओहम

अंबाजोगाई : आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींमुळे आणि योगेश्वरी देवीच्या मंदिरामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या या गावात आता मोटारींची सजावट करून देणारी आणि त्यांत ध्वनियंत्रणा बसवून देणारी दुकानेही आहेत. गणेशोत्सव आणि लग्नसराई जवळ आली, की मोटारीच्या डिकीत सबवूफर बसवून घेण्याची तरुणांची हौस उफाळून येते. सबवूफर निवडताना गिऱ्हाईक वॅटचा आकडा पाहते. पण जाणकार कारागीर आधी पाहतो तो ओहमचा आकडा. हा आकडा चुकला तर महागडा अॅम्प्लिफायर पहिल्याच मिरवणुकीत तापून बंद पडतो, क्वचित कायमचा जळतो. लाऊडस्पीकरच्या पाठीवर, अॅम्प्लिफायरच्या कडेला आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेला ओहम हा शब्द म्हणजे मुळात एका माणसाचे आडनाव आहे. हा माणूस आयुष्याचा मोठा काळ साधा शाळामास्तर होता. ज्या शोधामुळे त्याचे नाव अजरामर झाले, त्या शोधानंतरच त्याच्यावर नोकरी सोडण्याची वेळ आली होती.

कुलपे घडविणाऱ्याचे घर

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलपे घडविणारे कारागीर होते. त्यांचे औपचारिक शिक्षण फारसे झालेले नव्हते. परंतु स्वतःच्या अभ्यासावर त्यांनी गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांत चांगली गती मिळविली होती. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. या दांपत्याला सात अपत्ये झाली. त्यांपैकी जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बरा ही तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईचेही निधन झाले.

मुलांच्या शिक्षणाची धुरा वडिलांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. दिवसभर ऐरण आणि कानस, आणि त्यातून वेळ काढून मुलांना भूमिती व बीजगणित, असा त्या घराचा क्रम होता. गावातील शाळेत विज्ञान जवळजवळ शिकविले जात नसे. घरी मात्र ते मिळत होते. एरलांगेन विद्यापीठातील प्राध्यापक कार्ल क्रिस्टियान फॉन लांग्सडोर्फ यांनी पंधरा वर्षांच्या जॉर्जची परीक्षा घेतली, तेव्हा ते इतके प्रभावित झाले, की त्यांनी या दोघा भावांची तुलना स्वित्झर्लंडमधील विख्यात बर्नुली या गणिती घराण्याशी केली. पुढे मार्टिन ओहम हेही नामवंत गणितज्ञ झाले. वडिलांकडून जॉर्जला दोन गोष्टी मिळाल्या. एक गणिताची गोडी आणि दुसरी धातू हाताळण्याची सवय. तारा ओढणे, त्या कापणे आणि सांधणे यांत पुढे त्याला जे कौशल्य लाभले, त्याचे मूळ वडिलांच्या कामात होते.

भरकटलेली पावले, कष्टाची वर्षे

१८०५ मध्ये सोळा वर्षांचा जॉर्ज एरलांगेन विद्यापीठात दाखल झाला. मात्र अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. ज्या शिक्षणाची संधी स्वतःला मिळाली नाही, ती मुलगा वाया घालवीत आहे हे पाहून वडील संतापले. तीन सत्रांनंतर जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले आणि १८०६ मध्ये त्याची रवानगी स्वित्झर्लंडमधील गोटश्टाट येथील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून झाली. वय अवघे सतरा.

ही शिक्षा त्याच्या पथ्यावर पडली. परक्या मुलखात शिकविता शिकविता त्याने स्वतःचा अभ्यास पुन्हा सुरू केला. लांग्सडोर्फ हायडेलबर्गला गेले, तेव्हा त्यांच्यामागे जाण्याची त्याची इच्छा होती. परंतु गुरूंनी त्याला ऑयलर, लाप्लास आणि लाक्र्वा यांचे ग्रंथ स्वतःच वाचण्याचा सल्ला दिला. जॉर्जने तो मनावर घेतला. १८११ मध्ये तो एरलांगेनला परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली.

पदवी मिळाली, पण पोटाची चिंता मिटली नाही. विद्यापीठातील अध्यापनातून मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर गुजराण होईना. तीन सत्रे काढून ओहम यांनी ते काम सोडले आणि १८१३ मध्ये बांबेर्ग येथील एका दुय्यम दर्जाच्या शाळेत नोकरी धरली. १८१६ मध्ये ती शाळाही बंद पडली. शाळेतील या कंटाळवाण्या दिवसांत त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले. १८१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्याची प्रत त्यांनी प्रशियाच्या राजाकडे पाठविली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलोन येथील नामांकित जेझुइट विद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी आयुष्याला प्रथमच स्थैर्य आले.

कोलोनची प्रयोगशाळा

कोलोनच्या विद्यालयाची प्रयोगशाळा सुसज्ज होती. १८२० मध्ये डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी विद्युतप्रवाहामुळे होकायंत्राची सुई हलते हे दाखवून दिले आणि साऱ्या युरोपात विजेच्या प्रयोगांची लाट उसळली. ओहमही तिकडे ओढले गेले. शाळेचे तास संपल्यावर ते प्रयोगशाळेत काम करीत. लाग्रांज, लाप्लास, प्वासाँ यांचे ग्रंथ ते वाचत होते; विशेषतः फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उष्णतेच्या सिद्धांताचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. धातूच्या कांबीतून उष्णता जशी तापलेल्या टोकाकडून थंड टोकाकडे वाहते, तशीच वीज तारेतून वाहत असली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

त्या काळी वीज मोजण्याची साधने अगदी प्राथमिक होती. विद्युतदाब, विद्युतप्रवाह आणि रोध म्हणजे रेझिस्टन्स या तीन गोष्टींमधील भेदच पुरेसा स्पष्ट झालेला नव्हता. तार लांब केली की परिणाम कमी होतो, हे दिसत होते; किती कमी होतो, हे कोणी नेमके सांगू शकत नव्हते. ओहम यांनी हाच प्रश्न हाती घेतला.

पहिला प्रयत्न फसला. १८२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखातील सूत्र लघुगणकाच्या स्वरूपाचे होते आणि ते बरोबर नव्हते. यात दोष बॅटरीचा होता. त्या वेळच्या रासायनिक बॅटरीचा जोर प्रवाह सुरू होताच घसरू लागे. त्यामुळे सुईचे वळणे तारेमुळे कमी झाले की बॅटरीमुळे, हे ठरविणेच अशक्य होते. तेव्हा एका विज्ञानपत्रिकेचे संपादक असलेले पोगेनडोर्फ यांनी त्यांना एक मोलाची सूचना केली. टोमास योहान झेबेक यांनी १८२१ मध्ये असे दाखविले होते, की दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले तर वीज निर्माण होते. तापमान स्थिर ठेवले तर ही वीजही स्थिर राहते. बॅटरीऐवजी हेच साधन वापरावे, असे त्यांनी सुचविले.

आठ तारा आणि एक सूत्र

ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांची जोडी तयार केली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत असेपर्यंत आणि बर्फ वितळत असेपर्यंत दोन्ही तापमाने स्वतःहून स्थिर राहतात, म्हणून विद्युतदाबही हलत नाही. प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी टांगलेल्या चुंबकसुईचे यंत्र स्वतःच्या हातांनी बनविले. सुई प्रवाहामुळे वळे आणि ती पुन्हा मूळ जागी आणण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, यावरून प्रवाह कळे. मग एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंचांची आणि सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडायची, आकडा लिहायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. जानेवारी १८२६ मध्ये हे प्रयोग पार पडले.

आकड्यांमधून एक अत्यंत साधे सूत्र पुढे आले. मंडलातील जोराला एकूण रोधाने भागले की प्रवाह मिळतो. या एकूण रोधात बाहेर जोडलेली तार तर येतेच. शिवाय साधनाच्या आतील भागाचा अडथळाही येतो. तार दुप्पट लांब केली तर तिचा रोध दुप्पट होतो. तिचे काटक्षेत्र दुप्पट केले तर रोध निम्मा होतो. आज शाळेतील विद्यार्थी एका ओळीत जो ओहमचा नियम लिहितो, त्याच्या मागे उकळत्या पाण्याच्या वाफेत आणि वितळत्या बर्फाच्या सान्निध्यात घालविलेले असे कित्येक तास आहेत.

ग्रंथ निघाला, नोकरी गेली

या संशोधनाच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी ओहम यांची उमेद होती. १८२६ मध्ये अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा काढून ते बर्लिनला भाऊ मार्टिन यांच्याकडे गेले. मे १८२७ मध्ये त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्युतमंडलाची गणिती मांडणी करणारा हा ग्रंथ पुढे अभिजात गणला गेला. त्या वेळी मात्र त्याचे स्वागत थंडेपणाने झाले.

यामागे अनेक कारणे होती. जर्मनीतील पदार्थवैज्ञानिकांना इतक्या गणिताची सवय नव्हती. ओहम यांनी ग्रंथात प्रयोगांपेक्षा सिद्धांतावर भर दिल्याने, त्यांच्या भक्कम मोजमापांची कल्पना वाचकाला येत नव्हती. शिवाय निसर्गाचे ज्ञान गणिताने नव्हे तर तत्त्वचिंतनाने होते, असे मानणाऱ्या हेगेलच्या विचारांचा बर्लिनमध्ये दबदबा होता. गेओर्ग फ्रीडरिश पोल या प्राध्यापकाने ग्रंथावर कठोर टीका केली आणि प्रशियाच्या शिक्षण खात्यातही ओहम यांना सहानुभूती मिळाली नाही. सर्वच जण विरोधात होते असे नव्हे. लाइपझिगच्या फेश्नर यांनी स्वतः प्रयोग करून ओहम यांच्या नियमाला पुष्टी दिली. परंतु विद्यापीठातील खुर्ची देण्याचे बळ या पाठिंब्यात नव्हते.

अपेक्षाभंग झालेले ओहम कोलोनला परतले नाहीत. मार्च १८२८ मध्ये त्यांनी तेथील नोकरीचा रीतसर राजीनामा दिला आणि पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये गणिताच्या शिकवण्यांवर व अर्धवेळ अध्यापनावर काढली. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, जगाला एक मूलभूत नियम देऊन बसलेल्या या माणसापाशी ना प्रयोगशाळा उरली होती, ना पुरेसे उत्पन्न. अखेर १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापकपद मिळाले. उपाधी मिळाली, परंतु ज्या विद्यापीठीय पदाची त्यांना आस होती, ते हे नव्हते.

परदेशातून आलेली पावती

ओहम यांच्या मदतीला शेवटी व्यवहार धावून आला. १८३० च्या दशकात तारायंत्राचे प्रयोग सुरू झाले. मैलोन् मैल तारेतून संदेश पाठवायचा तर बॅटऱ्या किती लागतील, तार किती जाड हवी, विद्युतचुंबकावर वेटोळी किती घ्यावीत, हे प्रश्न अंदाजाने सुटणारे नव्हते. ज्यांनी ओहम यांचे सूत्र वापरले, त्यांना उत्तरे मिळाली. रशियात लेन्झ आणि याकोबी यांनी त्याचा आधार घेतला. फ्रान्समध्ये पुइये यांनी स्वतःच्या प्रयोगांतून तशाच स्वरूपाचे निष्कर्ष मांडले आणि त्यामुळे मूळ शोध कोणाचा, याची चर्चा सुरू झाली. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन यांनी ओहम यांच्या कार्याचा पुरस्कार केला.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोप्ले पदक देऊन गौरविले. पुढच्याच वर्षी त्यांना परदेशी सदस्यत्व बहाल केले. ग्रंथ प्रसिद्ध होऊन तोवर चौदा वर्षे उलटली होती. मायदेशाने दखल घेतली ती त्यानंतर. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना पूर्ण सदस्य करून घेतले.

ध्वनीचा दुसरा नियम

सबवूफरच्या संदर्भात ओहम यांचे आणखी एक कार्य विशेष लक्षवेधी आहे. १८४३ मध्ये त्यांनी ध्वनीविषयी एक नियम मांडला. कोणताही संमिश्र सूर हा अनेक साध्या सुरांची बेरीज असतो आणि आपला कान त्या सुराचे जणू पृथक्करण करून हे घटक वेगवेगळे ऐकतो, असा त्याचा आशय होता. येथेही आधार होता तो फुरिए यांच्या गणिताचाच.

या नियमालाही विरोध झाला. विरोधक होते आउगुस्ट झेबेक. ज्यांच्या शोधामुळे ओहम यांचा विजेचा प्रयोग यशस्वी झाला, त्या टोमास झेबेक यांचे हे चिरंजीव. सायरनच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांवरून त्यांनी ओहम यांचा सिद्धांत अपुरा ठरविला. दोघांमधील वाद काही काळ चालला आणि ओहम यांनी माघार घेतली. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक ग्रंथात हा नियम पुन्हा प्रतिष्ठित केला. आजच्या श्रवणशास्त्रात या नियमाला मर्यादा असल्याचे मानले जाते. पण ध्वनी घटकांत विभागण्याची त्यामागची दृष्टी टिकून आहे. मोटारीतील अॅम्प्लिफायरमध्ये ढोलाचा आणि बासचा खर्ज वेगळा काढून केवळ तोच सबवूफरकडे पाठविणारे जे फिल्टर असते, ते याच दृष्टीचे व्यावहारिक रूप म्हणता येईल. ध्वनी आणि वीज या दोन्ही विषयांत ओहम यांचे नाव नियमाला लाभले, हा योग विलक्षण खरा.

उशिरा मिळालेली खुर्ची

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला आले. अकादमीच्या पदार्थविज्ञान संग्रहाची देखभाल आणि विद्यापीठात व्याख्याने असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. १८५२ मध्ये म्युनिक विद्यापीठाने त्यांना पदार्थविज्ञानाचे अध्यासन दिले. तारुण्यात ज्या खुर्चीचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, ती त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. ती त्यांना दोनच वर्षे लाभली. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव शहराच्या जुन्या दक्षिण दफनभूमीत विसावले.

नावाचा गौरव मात्र मृत्यूनंतर वाढत गेला. समुद्रतळाशी टाकल्या जाणाऱ्या तारांमुळे रोधाचे सर्वमान्य एकक आवश्यक झाले होते. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये त्यासाठी समिती नेमली, आणि १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत व्होल्ट आणि अँपिअर यांच्या जोडीने ओहम हे एकक मान्य झाले. दरम्यान, १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी हेन्री कॅव्हेंडिश यांची अप्रकाशित टिपणे प्रसिद्ध केली. ओहम यांच्या कितीतरी आधी कॅव्हेंडिश यांना हा नियम गवसला होता, असे त्यातून उघड झाले. मात्र त्यांनी तो जगापुढे मांडलाच नव्हता. ओहम यांनी तो मांडला आणि मांडण्याची किंमतही मोजली.

पुढे घरोघरी उलटसुलट दिशेने वाहणारा, म्हणजे एसी प्रवाह आला. तारेच्या वेटोळ्यातून असा प्रवाह जाताना साध्या रोधाखेरीज आणखी एक अडथळा निर्माण होतो आणि तो प्रवाहाच्या कंपनसंख्येनुसार बदलतो. या एकत्रित अडथळ्याला इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये इम्पिडन्स हे नाव दिले. मोजण्याचे एकक ओहमच राहिले.

डिकीतील गणित

लाऊडस्पीकरमध्ये कागदी किंवा अन्य पदार्थाच्या शंकूला चिकटलेले तारेचे वेटोळे असते. त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. अॅम्प्लिफायरकडून येणारा प्रवाह एसी असल्याने या वेटोळ्याचा अडथळा इम्पिडन्समध्ये सांगितला जातो. मोटारीतील स्पीकर बहुधा ४ ओहमचे, तर घरातील बरेचसे ८ ओहमचे असतात. मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो. एवढ्या कमी दाबातून जास्त शक्ती काढायची तर इम्पिडन्स कमी ठेवावा लागतो.

समजा, अॅम्प्लिफायर स्पीकरला २० व्होल्ट देत आहे. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ओहमच्या नियमाप्रमाणे ५ अँपिअर प्रवाह वाहील आणि शक्ती १०० वॅट होईल. २ ओहम असेल तर १० अँपिअर आणि २०० वॅट. १ ओहम असेल तर २० अँपिअर आणि ४०० वॅट. आकडा घटला की आवाज वाढतो, हा मोह येथूनच निर्माण होतो. पण जो अॅम्प्लिफायर किमान २ ओहमसाठी बनविलेला आहे, त्याला १ ओहम जोडला की त्याच्या ट्रान्झिस्टरमधून दुप्पट प्रवाह खेचला जातो. आतल्या रोधात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती चौपट होते. संरक्षक मंडल असेल तर यंत्र बंद पडते. नसेल तर ते जळते.

दोन स्पीकर जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकामागे एक जोडले, म्हणजे कारागिरांच्या भाषेत सिरीज केले, की इम्पिडन्सची बेरीज होते. ४ ओहमचे दोन स्पीकर ८ ओहम होतात. शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडले, की तेच दोन स्पीकर २ ओहम होतात. अनेक सबवूफरमध्ये दोन वेटोळी असतात. प्रत्येकी ४ ओहमची दोन वेटोळी असलेले दोन सबवूफर घेतले, तर एकूण चार वेटोळी होतात. प्रत्येक सबवूफरची वेटोळी सिरीज करून दोन्ही सबवूफर पॅरलल जोडले, की ४ ओहम मिळतात. चारही वेटोळी पॅरलल केली, की १ ओहम उरतो. चारही सिरीज केली, तर १६ ओहम होतात आणि यंत्र सुरक्षित राहते, पण आवाज मंदावतो. माल तोच, तारा त्याच. फरक फक्त जोडणीचा.

म्हणून जोडणी पूर्ण झाल्यावर अॅम्प्लिफायरला तार लावण्यापूर्वी मल्टिमीटरने एकदा तपासून घेणे हिताचे ठरते. मीटर केवळ साधा रोध दाखवितो. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा साडेतीनच्या आसपास दिसला तर तो दोष नव्हे. मात्र ४ अपेक्षित असताना १ च्या खाली आकडा आला, तर जोडणी चुकली आहे असे समजावे. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत येणाऱ्या तारेलाही हाच नियम लागू आहे. तारेचा रोध केवळ ०.०१ ओहम असला, तरी ५० अँपिअर प्रवाहाला त्यात अर्धा व्होल्ट गळतो आणि २५ वॅट उष्णता तारेतच निर्माण होते. तार लांब असेल तर ती जाड हवी, हे आठ तारा मोजून ओहम यांनीच सांगून ठेवले आहे. आवाज किती असावा, हे मात्र कायदा ठरवितो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

मोठ्या विद्यापीठांपासून दूर, शाळेत शिकवीत असलेल्या माणसाच्या हातूनही युगप्रवर्तक काम घडू शकते, हे अंबाजोगाईला नवे नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ याच गावातील योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. ओहम यांचे क्षेत्र वेगळे, काळ वेगळा. पण कोलोनच्या शाळेतील त्या शिक्षकाने प्रतिष्ठेची वाट न पाहता मोजमाप केले, पहिले सूत्र चुकल्यावर साधन बदलून पुन्हा मोजले आणि जे आढळले ते नाव आणि नोकरी पणाला लावून प्रसिद्ध केले. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांची नावे आज विज्ञानाच्या इतिहासातील तळटीपांपुरती उरली आहेत. ओहम यांचे नाव मात्र दहावीच्या वर्गात, वीज मंडळाच्या उपकेंद्रात आणि गाडीखाली वाकून तारा जोडणाऱ्या कारागिराच्या तोंडी दररोज उच्चारले जाते.